अंगाला खाज, खिशात ईएसआय: विमा रुग्णालयात दाखवावं की मेडिकल कॉलेजात?

"आपल्या भागात ईएसआय चालणारा स्किनचा डॉक्टर कोण?" असं कारखान्यात कुणी ना कुणी विचारतंच. ईएसआय म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारा कामगारांचा सरकारी विमा. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये असा डॉक्टर सहसा सापडत नाही. ईएसआयचे खाजगी रुग्णालयांशी करार मुख्यतः हृदय, किडनी, कॅन्सर अशा मोठ्या उपचारांसाठी असतात. खाज-खरजेसाठी तिकडे कुणी पाठवत नाही. आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले योजना भरती व्हायची वेळ आली तर कामाची, ओपीडीत दाखवून मलम आणायला नाही. म्हणजे खिशाला फार झळ न लावता त्वचेचा खरा तज्ज्ञ गाठायचा तर दोनच वाटा उरतात: विमा रुग्णालयाची, म्हणजे ईएसआयच्या स्वतःच्या रुग्णालयाची, स्किन ओपीडी, नाहीतर सरकारी किंवा पालिकेच्या मेडिकल कॉलेजची. मी दोन्हीकडे दाखवलं आहे.

निदानाचंच बोलायचं तर कॉलेज वरचढ, यात वाद नाही. मुंबईत केईएम, पुण्यात ससून अशा ठिकाणी त्वचेचा स्वतंत्र विभाग आहे. गजकर्णाचा संशय आला की चट्ट्याचा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सोय असते. बायोप्सी, पॅच टेस्ट, सोरायसिस आणि कोडासाठी प्रकाशोपचार हेही अशा विभागांचं रोजचं काम. तपासणारा बहुतेक वेळा तरुण रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, असतो, पण अडलं की तो वरिष्ठांना बोलावतो. चार विद्यार्थी भोवती उभे राहून आपल्या पाठीकडे टक लावून बघतात, त्याची सवय करून घ्यावी लागते.

विमा रुग्णालयाचा रस्ता वळणाचा. आधी आपला ईएसआय दवाखाना किंवा पॅनल डॉक्टर. तो बहुधा एक ट्यूब देऊन आठवड्याने बोलावतो. उतार पडला नाही की मग रुग्णालयाची चिठ्ठी. त्यात स्किनची ओपीडी सगळीकडे रोज नसते, आणि ठरल्या वारी डॉक्टर रजेवर निघाला तर आलो तसे परत. औषध साठ्यात असेल तर फुकट. नसेल तर खिडकीवर नुसती मान हलते.

एवढं वाचून कुणीही कॉलेजचीच वाट धरेल, आणि मीही आधी तिकडेच गेलो होतो. माझा त्रास हाताचा. मशीनवरच्या कूलंटमध्ये, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या तेलकट द्रवात, हात असले की बोटांच्या बेचक्यात भेगा पडायच्या, सुट्टीत बऱ्या व्हायच्या आणि कामावर आलो की पुन्हा उलटायच्या. कॉलेजच्या डॉक्टरने अचूक ओळखलं आणि काही दिवस हात तेलापासून लांब ठेवा म्हणून लिहून दिलं. हात तेलापासून लांब म्हणजे कामच बंद. तो कागद घेऊन आजारपणाच्या पैशासाठी ईएसआयकडे गेलो, तर तिथे दवाखान्याचाच दाखला लागतो म्हणाले. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "मी तपासल्याशिवाय कसं लिहू?" त्याचंही बरोबरच होतं. म्हणून पुन्हा रांग, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं, आणि तोवर भेगा निम्म्या भरलेल्या. दाखला मिळाला तो त्या दिवसापासूनचा, मागचे दिवस अंगावर पडले. एका आजारासाठी दोन रांगा, हेच मला जड गेलं.

७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस धरत नाहीत, पण आधीच्या दाखल्यानंतर १५ दिवसांच्या आत दुखणं उलटलं तर तेही धरतात. उलटणाऱ्या दुखण्याला हा नियम फार उपयोगी. पण हे सगळं ईएसआयच्या डॉक्टरच्या दाखल्यावरच चालतं.

आणखी एक गोष्ट कॉलेजच्या गर्दीत सहसा कुणी सांगत नाही. भौतिक, रासायनिक किंवा जैविक कारणांनी कामातून होणारे त्वचारोग कामगार विम्यासाठीच्या कायदेशीर यादीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहेत. अशा कामावर सलग सहा महिने झालेले असतील आणि आजार मान्य झाला, तर तो कामावरच्या दुखापतीत धरतात आणि ७० ऐवजी ९० टक्के मिळतात. मान्यता सहज मिळते असं मी म्हणणार नाही. पण केस पेपरवर पहिल्याच दिवशी 'कूलंट', 'सिमेंट', 'क्रोमियम प्लेटिंग' असं लिहिलेलं असलं की पुढे निदान बोलता तरी येतं. विमा रुग्णालयातल्या डॉक्टरने मला नाव-वयानंतर लगेच विचारलं, "काम काय करता?" कॉलेजात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कदाचित माझं नशीब तसं असेल.

त्यामुळे कामामुळे त्रास होतोय अशी शंका असेल, किंवा घरी बसायची वेळ येईल असं वाटत असेल, तर वळसा पडला तरी मी ईएसआयचीच चिठ्ठी घेईन. दवाखान्यात ट्यूब घेताना "उतार नाही पडला तर स्किनला पाठवाल ना?" एवढं तेव्हाच विचारून ठेवलं की पुढची खेप सोपी जाते. घरच्यांसाठी मात्र वेगळा हिशोब. मुलाचा नायटा, बायकोच्या चेहऱ्यावरचे डाग यात आजारपणाच्या पैशासाठी लागणाऱ्या दाखल्याचा प्रश्नच नसतो. त्यांना ईएसआय चालत असलं तरी कॉलेजची ओपीडी मला सोयीची वाटते. कोड, अंगावर फोड, निदानच लागत नाही असा प्रकार, यातही कॉलेजच. फिकट आणि बधिर चट्टा असेल तर जवळचं कुठलंही सरकारी केंद्र गाठा, थांबू नका. कुष्ठरोगाची औषधं सरकारकडून मोफत मिळतात.

कुठेही गेलात तरी मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब सोबत न्या, लाजू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर गजकर्णाची कड पुसट होते आणि अनुभवी डॉक्टरही चकतो. त्रास जोरात असेल त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण ओपीडीच्या वारी हात हटकून बरे दिसतात.