आठ जीबी रॅम, मोबाइलचं नेट आणि सोर्सपासून ॲप: नऊ महिन्यांचा अनुभव

पोळा झाला त्या आठवड्यात मी अँड्रॉइड ॲपचा सोर्स कोड स्वतः बिल्ड करायला, म्हणजे त्यातून चालणारं ॲप तयार करायला, बसले. आता वैशाख चालू आहे. सेलूच्या मोंढ्यात काकांचं अडत दुकान आहे. पोती, वजन, हमाली, तोलाई यांची नोंद मोबाइलवर मराठीत करता यावी, एवढीच त्यांची मागणी. हिशोबाचं एक जुनं मुक्त-स्रोत ॲप मिळालं, पण त्यात ना क्विंटल-किलो होतं ना मराठी. म्हणजे कोड उतरवायचा, बदलायचा आणि एपीके, म्हणजे मोबाइलवर बसवायची ॲपची फाइल, आपणच काढायची. माझ्याकडे जुना घेतलेला लॅपटॉप, आठ जीबी रॅम, उबंटू २२.०४. नेट मोबाइलचं, रोजचं दीड जीबी.

आधी ॲप बनवायचा गूगलचा प्रोग्राम, अँड्रॉइड स्टुडिओ, पूर्ण टाकला. कोड लिहायला तो फार चांगला आहे, चूक लिहिता लिहिताच दाखवतो, नवशिक्याने त्यातच शिकावं. पण सोबत एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली मोबाइल, चालवायचा तर गूगलच्याच कागदपत्रांत १६ जीबी रॅम सांगितलेली आहे, आणि माझ्याकडे तिच्या निम्मी. एम्युलेटर मी तिसऱ्या दिवशी काढून टाकला. महिनाभराने स्टुडिओही फक्त स्क्रीनची मांडणी बघण्यापुरता उरला. बिल्ड टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, करते. त्यासाठी कमांड-लाइन टूल्स, एक प्लॅटफॉर्म, बिल्ड-टूल्स आणि प्लॅटफॉर्म-टूल्स एवढं पुरतं. कमांड-लाइन टूल्स उलगडल्यावर त्यांच्या फोल्डरच्या आत 'लेटेस्ट' नावाचं फोल्डर करून त्यात ठेवावी लागतात, नाहीतर एसडीके मॅनेजर एसडीके (अँड्रॉइड ॲप बनवायची साधनं) कुठं आहे हेच ओळखत नाही. नंतर लायसन्स स्वीकारण्याची कमांड एकदा चालवावी, ती राहिली की बिल्ड तिथंच थांबतं.

खरा वेळ गेला तो आवृत्त्यांची जोडी जुळवण्यात. जावा, ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) आणि अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन (ग्रेडलला अँड्रॉइड ॲप बनवता यावं म्हणून लावलेली जोड), ही तिन्ही एकमेकांशी बांधलेली आहेत. माझ्या लॅपटॉपवर जावा १७ होती, तर प्रोजेक्टमध्ये ग्रेडल ६.७.१ आणि प्लगइन ४.२. पहिल्याच बिल्डला 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१' असा संदेश आला. मी दोन रात्री ॲपच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. ६१ म्हणजे जावा १७, आणि जावा १७ वर ग्रेडल ७.३ पासूनच चालतं, हे कळल्यावर पाच मिनिटांचं काम उरलं. शेजारी जावा ११ बसवली, कुठली जावा वापरायची ते सांगणारा जावा-होमचा पत्ता त्या टर्मिनलपुरता बदलला, बिल्ड पुढं सरकलं.

पुढं सरकून परत अडलं, कारण लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोड, जेसेंटर या ऑनलाइन भांडारातून मागवल्या जात होत्या. ते भांडार बंद करत असल्याचं ते चालवणाऱ्या जेफ्रॉग कंपनीने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. तिथं मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या भांडाराची ओळ टाकली. हिवाळ्यात सगळं प्लगइन ८ वर नेलं. त्याला जावा १७ आणि ग्रेडल ८ लागतं, आणि नेमस्पेस (ॲपच्या कोडचं ओळखनाव) मॅनिफेस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये नाही तर बिल्डच्या फाइलमध्ये लिहावी लागते. म्हणून माझं सांगणं एवढंच: जुना प्रोजेक्ट उघडला की कोडला हात लावण्याआधी रॅपरच्या (ठरलेलं ग्रेडल उतरवून चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या) फाइलमधली ग्रेडलची आवृत्ती आणि बिल्डच्या फाइलमधली प्लगइनची आवृत्ती कागदावर लिहा. जावा त्यावरून ठरवा.

डेटा वाचवायचा असेल तर त्याच रॅपरच्या फाइलमधल्या डाउनलोडच्या पत्त्यात शेवटी 'ऑल' असेल तिथं 'बिन' करा. 'ऑल'मध्ये कागदपत्रं आणि ग्रेडलचा स्वतःचा सोर्सही येतो, आपल्याला तो लागत नाही. एकदा सगळं उतरलं की ऑफलाइन पर्याय लावून बिल्ड होतं. आमच्याकडे लाइट गेली की टॉवरही अनेकदा जातो, आणि तरी बॅटरीवर काम चालू राहतं, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. रॅमचं मात्र बघावं लागतं. ग्रेडलची प्रक्रिया बिल्ड संपल्यावरही तीन तास मागं जागी राहते. काम झालं की मी ती स्टॉप कमांडने बंद करते.

तपासणी मोबाइलवरच. मोबाइलच्या सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी, मग यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलने लॅपटॉपवरून ॲप टाकायची परवानगी, चालू. लॅपटॉपवर जोडलेल्या मोबाइलच्या यादीत मोबाइल दिसतच नव्हता, तेव्हा ड्रायव्हर शोधत अर्धा दिवस घालवला. शेवटी कळलं की केबल फक्त चार्जिंगची होती.

आता जे सांगायला जड जातं ते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक जोरात असताना माझा लॅपटॉप दुरुस्तीला होता, म्हणून भावाच्या लॅपटॉपवर बिल्ड काढली. डीबग बिल्डची, म्हणजे चाचणीपुरत्या बिल्डची, सही ज्या त्या यंत्रावर आपोआप तयार झालेल्या किल्लीने होते, हे मला माहीत नव्हतं. सही जुळेना म्हणून अपडेट बसेना. मी जुनं ॲप काढून नवं टाकलं. काका म्हणाले, "पोरी, मागलं काहीच दिसना की गं." अकरा दिवसांच्या नोंदी ॲपबरोबर पुसल्या गेल्या होत्या. कच्च्या पावत्यांवरून आम्ही दोघांनी त्या दोन रात्री बसून परत भरल्या. त्यानंतर पहिल्यांदा जावासोबत येणाऱ्या कीटूलने स्वतःची किल्ली केली, तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर काकांच्या कपाटात आहे, आणि त्यांच्या मोबाइलवर फक्त त्याच किल्लीची रिलीज बिल्ड जाते.

मराठीसाठी 'व्हॅल्यूज-एमआर' फोल्डरमध्ये शब्द भरले. मग वजन टाकलं की ॲप बंद पडू लागलं. लॉगकॅट, म्हणजे मोबाइलमधल्या घडामोडींची आणि चुकांची नोंद, उघडल्यावर कारण दिसलं. भाषा मराठी असली की फॉरमॅट केलेला आकडा '५२.४०' असा देवनागरीत येतो, आणि दशांश वाचणारं जावाचं फंक्शन देवनागरी अंक घेत नाही. दाखवायला देवनागरी आणि साठवायला संख्याच, असं वेगळं केल्यावर सुटलं. मराठी ॲप करणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच तपासावं.

तुरीचा हंगाम पूर्ण याच ॲपवर झाला, एकही नोंद गेली नाही. मागच्या महिन्यात जिंतूरच्या मैत्रिणीला हेच सुरू करायचं होतं. तिला एसडीके, ग्रेडलचं रॅपर आणि उतरवलेल्या लायब्ऱ्या साठवणारं 'मॉड्यूल्स-२' हे ग्रेडलच्या कॅशचं फोल्डर, त्यातल्या लॉक फाइली वगळून, पेन ड्राइव्हवर दिलं. तिच्या घरी नेट बंद ठेवून पहिली बिल्ड निघाली.