माहितीप्रणाली आणि आरोग्यतंत्रज्ञान : एका प्रादेशिक परिषदेचे परीक्षण

पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने माहितीप्रणाली आणि आरोग्यतंत्रज्ञान या विषयावर भरवलेल्या दोन दिवसांच्या प्रादेशिक परिषदेला मी नुकतीच उपस्थित राहिले. आरोग्यनोंदींच्या कामाशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे परिषदेकडून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे मांडलेल्या उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत; आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत होणाऱ्या अशा बहुतेक परिषदांना त्या लागू पडतात. माझे मत आधीच सांगते. परिषद उपयुक्त होती, काही सत्रे तर मोठ्या शहरांतील नावाजलेल्या परिषदांपेक्षा सरस होती. परंतु वाचल्या गेलेल्या निबंधांपैकी फार मोठा भाग आपल्या भागातील रुग्णांविषयी काहीच सांगत नव्हता.

उद्घाटनाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते लांबत गेली आणि त्याची भरपाई पहिल्या दिवशीच्या निबंधवाचनाच्या वेळेतून केली गेली. सादरीकरणासाठी ठरवलेला वेळ जवळजवळ निम्म्यावर आला आणि प्रश्नोत्तरे काही सत्रांत पूर्णपणे गाळावी लागली. दूरच्या गावाहून आलेल्या, आयुष्यातला पहिलाच निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गरज असते ती श्रोत्यांच्या प्रश्नांची, आणि नेमके तेच त्याला मिळू नयेत याचे मला वाईट वाटले. भोजन, निवास आणि सभागृहाची व्यवस्था मात्र चोख होती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. पहिल्या दिवशीच्या दोन समांतर सत्रांत यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) साहाय्याने रोगाचे भाकीत करण्यावर निबंध होते आणि त्यांतील मधुमेहावरचे जवळजवळ सगळे निबंध ‘पिमा’ या एकाच विदासंचावर (डेटासेटवर) आधारलेले होते. हा विदासंच अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ राहणाऱ्या पिमा या मूलनिवासी समाजातील स्त्रियांचा आहे. त्यात ७६८ नोंदी आहेत, सर्व स्त्रिया किमान २१ वर्षांच्या आहेत आणि प्रत्येकीची आठ प्रकारची माहिती आहे. मधुमेहाचे प्रमाण अतिशय जास्त असलेल्या या समाजाचा तेथील राष्ट्रीय संस्थेने अनेक दशके अभ्यास केला आणि त्या अभ्यासातून हा विदासंच तयार झाला. महाजालावर तो सहज मिळतो, स्वच्छ तक्त्याच्या रूपात मिळतो, त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. त्यामुळे प्रकल्पासाठी विद्यार्थी तो उचलतात आणि मार्गदर्शकही त्याला मान्यता देतात.

शिकण्यासाठी तो वापरण्यास कोणाचीच हरकत नसावी. अडचण सुरू होते ती निष्कर्षात. ‘या प्रणालीमुळे ग्रामीण भारतातील मधुमेहाचे निदान लवकर होईल’ अशा अर्थाचे वाक्य निबंधाच्या अखेरीस येते तेव्हा त्या ७६८ स्त्रियांमध्ये ग्रामीण भारतातील एकही व्यक्ती नाही, आणि एकही पुरुष नाही, हे कोणीतरी उभे राहून सांगायला हवे. शिवाय या विदासंचातील अनेक शून्ये ही मोजमापे नाहीत, त्या राहून गेलेल्या नोंदी आहेत. इन्सुलिनच्या रकान्यात ३७४ ठिकाणी शून्य आहे आणि रक्तदाबाच्या रकान्यात ३५ ठिकाणी. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य असू शकत नाही. तरीही काही निबंधांत ही शून्ये तशीच गणितात घेतलेली दिसली. याच विदासंचात ५०० स्त्रियांना मधुमेह नाही आणि २६८ स्त्रियांना आहे; म्हणजे कोणतीही तपासणी न करता प्रत्येकीला ‘मधुमेह नाही’ असे सांगणारी प्रणालीसुद्धा ६५ टक्के अचूक ठरते. निबंधातील अचूकतेचा आकडा या पायरीपासून वर मोजायला हवा आणि आजारी असलेल्या किती स्त्रिया प्रणालीच्या नजरेतून सुटल्या हे वेगळे सांगायला हवे. बहुतेक सादरीकरणांत ते नव्हते.

ही परिषद पुण्यापासून काही तासांच्या अंतरावर होती, म्हणून मला हे अधिक खटकले. मधुमेहाच्या बाबतीत भारतीय शरीर वेगळे वागते, या विषयावर जगाने दखल घेतलेले संशोधन पुण्यातच झालेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाने तर गर्भारपणातील पोषणापासून मुलांच्या पुढील आरोग्यापर्यंतचा माग कित्येक वर्षे घेतला. पुणे जिल्ह्यातील वढू येथे २००२ पासून २२ गावांची लोकसंख्या आणि आरोग्यनोंद नियमितपणे ठेवली जात आहे. बीएमआय हा ज्या प्रणालीचा एक मुख्य आधार आहे, ती सादर करताना हे काम संदर्भासाठीसुद्धा उल्लेखले जाऊ नये, ही निबंध तपासणाऱ्या समितीची उणीव आहे. विद्यार्थ्यांना मी दोष देणार नाही.

हृदयविकारावरील निबंधांची गत वेगळी नव्हती. तेथे अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराच्या विदासंचातील ३०३ नोंदी होत्या. छातीच्या क्ष-किरण चित्रांवरील सत्रात मात्र सत्राध्यक्षांनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. न्यूमोनियाचा जो चित्रसंच सर्वत्र वापरला जातो तो चीनमधील ग्वांगझू येथील एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांचा आहे. कोविडच्या काळात काही संशोधकांनी कोविड नसलेल्या चित्रांसाठी हा संच घेतला आणि कोविडची चित्रे प्रौढ रुग्णांची घेतली, त्यामुळे त्यांच्या प्रणाली आजार ओळखण्याऐवजी मूल आणि प्रौढ यांतला फरक ओळखायला शिकल्या. सत्राध्यक्षांनी हे शांतपणे, कोणाचाही पाणउतारा न करता समजावले. असे सत्राध्यक्ष प्रत्येक सत्राला मिळाले असते तर या परीक्षणाचा सूर बराच बदलला असता.

परिषदेतील सर्वांत चांगला निबंध एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा होता आणि त्यात कोणतेही भाकीत नव्हते. एकाच रुग्णाच्या दोन ठिकाणच्या नोंदी जुळवायच्या कशा, हा तिचा प्रश्न. वाघमारे हे आडनाव रोमन लिपीत कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. उच्चारावरून नावे जुळवण्याची साउंडेक्स ही पद्धत १९१८ साली अमेरिकेत पेटंट झालेली असून तिच्यात नावाचे पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवले जाते, त्यामुळे हे दोन वाघमारे तिच्या दृष्टीने निराळे ठरतात. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, काही घरांत पहिले नावही बदलते. जन्मतारखेवरून जुळवावे, तर शाळेत नाव घालताना लावलेली १ जून ही तारीख आपल्याकडे जुन्या पिढीतील असंख्य लोकांच्या कागदपत्रांवर आहे. या विद्यार्थिनीने आधी देवनागरीत नाव घेऊन, ऱ्हस्व-दीर्घ आणि श-ष-स यांतील भेद सैल करून, मग गावाचे नाव आणि मोबाइल क्रमांक यांना वेगवेगळे वजन देऊन जुळणी केली होती. आणि चुकीच्या जुळणीचा धोका, म्हणजे एकाच्या औषधांची नोंद दुसऱ्याच्या नावावर जाणे, तिने वेगळा मोजला होता. तिला पारितोषिक मिळाले नाही. ते मिळायला हवे होते असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी झालेल्या परिसंवादात आयोजकांनी प्राध्यापक आणि डॉक्टरांच्या बरोबरीने एका उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला व्यासपीठावर बोलावले होते आणि यासाठी आयोजकांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. एका गर्भवतीची नोंद किती ठिकाणी करावी लागते हे त्यांनी क्रमाने सांगितले. आधी कागदी रजिस्टर, मग माता व बालआरोग्याचे आरसीएच पोर्टल, महिनाअखेर एचएमआयएस या आरोग्य खात्याच्या माहितीप्रणालीचा अहवाल, बाळ झाले की लसीकरणासाठी यू-विन. त्याच घरातील वडीलधाऱ्यांच्या रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी असंसर्गजन्य आजारांचे निराळे ॲप, क्षयाचा संशयित असेल तर निक्षय हे पोर्टल, ताप-हगवणीचे रुग्ण असतील तर साथरोग सर्वेक्षणाचा नमुना. एका डॉक्टरांनी विचारले, “सिस्टर, नेटवर्क नसेल तेव्हा काय करता?” त्यांनी उत्तर दिले, “मॅडम, वहीत लिहून ठेवते आणि रात्री घरी गेल्यावर भरते. चुका होतात त्या तेव्हाच होतात.”

त्यानंतर सेविका ऊसतोड कामगारांविषयी बोलल्या. हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांत गर्भवती स्त्रिया असतात. त्यांची नोंदणी मूळ गावच्या उपकेंद्रात झालेली असते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या तपासण्यांची पाने तिकडे राहिलेली असतात आणि इथे कारखान्याच्या परिसरातील तळावर पुढची तपासणी करताना आधीचे हिमोग्लोबिन किती होते हे कळायला मार्ग नसतो. आभा, म्हणजे रुग्णाच्या ठिकठिकाणच्या नोंदी जोडणारा आरोग्यखात्याचा क्रमांक, काढून द्यावा तर आधारला जोडलेला मोबाइल मुकादमाबरोबर फडात गेलेल्या नवऱ्याकडे असतो आणि ओटीपी वेळेत मिळत नाही. हा क्रमांक देणारे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, त्यामागील कल्पनाच मुळी अशी आहे की रुग्ण कुठेही गेला तरी त्याच्या संमतीने त्याची नोंद त्याच्यामागे जावी. या चौदा अंकी क्रमांकाची ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांच्याच हाती तो पोहोचण्यात काय अडथळे आहेत, हे त्या परिसंवादात जितके स्पष्ट झाले तितके मला आजवर कोणत्याही अहवालातून झालेले नाही. सभागृहात संगणकशास्त्राचे एवढे विद्यार्थी बसलेले असताना या प्रश्नावर आदल्या दिवशी एकही निबंध नव्हता, हेही तेवढेच स्पष्ट झाले.

बोलणे मराठीत झाले याचाही त्या सत्राला लाभ झाला. इतर सत्रांत गप्प बसलेले विद्यार्थी इथे हात वर करून विचारत होते. निबंध इंग्रजीत असावेत हे समजण्यासारखे आहे, पण प्रश्नोत्तरे मराठीत घेण्याची मोकळीक प्रत्येक सत्रात जाहीरपणे द्यायला हरकत नाही.

फायर (एफएचआयआर) या, वेगवेगळ्या संगणकप्रणालींमध्ये आरोग्यनोंदींची देवाणघेवाण व्हावी यासाठीच्या प्रमाणकावरची कार्यशाळा नवशिक्यांसाठी अतिशय चांगली होती. रुग्णालयातून सुटी देताना लिहिलेला एक काल्पनिक सारांश घेऊन निदान, औषधे आणि तपासण्या वेगळ्या करायच्या, त्यांना स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञावलीचे संकेतांक द्यायचे आणि प्रमाणित रचनेत बसवायचे, असे प्रत्यक्ष काम सहभागींकडून करून घेतले. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य असल्यामुळे ही संज्ञावली येथे विनाशुल्क वापरता येते आणि या प्रमाणकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतच आहे. हे बहुतेक सहभागींना ठाऊक नव्हते. विदासुरक्षेचे सत्र त्यामानाने घाईत उरकले. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेला सायबर हल्ला आणि २०२३ चा वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा यांचा उल्लेख झाला, परंतु छोट्या दवाखान्याने उद्यापासून काय बदलावे हे कोणी सांगितले नाही. काही निबंधांत स्थानिक रुग्णालयातील माहिती वापरली होती आणि संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिसमितीच्या मंजुरीचा उल्लेख नव्हता; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिलेली असताना असे निबंध स्वीकारले जाऊ नयेत.

जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी थोडे. आरोग्यनोंदींच्या कामात नव्याने पडलेल्या अभियंत्यांनी, सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या निवासी डॉक्टरांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य जावे; शुल्क विद्यार्थ्यांना परवडणारे आहे आणि कार्यशाळा त्यातच धरलेली आहे. केवळ प्रसिद्ध निबंधांची संख्या वाढवण्यासाठी जाणाऱ्यांनी परिषदेच्या निबंधांचे इतिवृत्त नेमक्या कोणत्या संशोधन-सूचीत समाविष्ट होणार हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

समारोपात आयोजकांनी पुढील वर्षी स्थानिक आरोग्यनोंदींवरील संशोधनासाठी स्वतंत्र विभाग ठेवण्याचे सूतोवाच केले आहे. ते खरोखर घडवायचे असेल तर निबंधांचे आवाहन नेहमीसारखे परिषदेच्या दोन-तीन महिने आधी काढून चालणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राची परवानगी, नीतिसमितीची मंजुरी आणि नोंदींतून रुग्णांची ओळख काढून टाकणे यांनाच कित्येक महिने जातात. आवाहन शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच, जून-जुलैत निघावे, वैद्यकीय महाविद्यालयातील एक सहमार्गदर्शक प्रत्येक विद्यार्थ्याला तेव्हाच जोडून द्यावा, आणि निबंध तपासणाऱ्या समितीत किमान एक आरोग्य सेविका आणि एक तालुका आरोग्य अधिकारी असावेत.