फिरवायला दिलेला कुत्रा रोज जिन्याखाली बांधलेला असायचा

डॉक्टरांनी पेढ्याचा पुढचा पंजा हातात घेतला, उलटा केला, नखं बघितली आणि मला विचारलं, "हा दिवसातून किती चालतो?"

मी म्हटलं, "सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस मिनिटं. माणूस ठेवलाय त्यासाठी."

डॉक्टर लगेच काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरा पंजा बघितला, मग कोपर चाचपलं. "रोज एवढं डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं अशी वाढत नाहीत, आपोआप झिजतात. आणि कोपराला हे घट्टे पडलेत, ते सिमेंटवर बसून बसून पडतात. घरी कुठे झोपतो हा?"

घरी तो गादीवर झोपतो.

मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी त्या माणसाचीच बाजू घेतली. "नाही हो डॉक्टर, तो रोज फोटो पाठवतो," असं म्हणाले. हे सगळं लिहितेय ते त्या एका वाक्यासाठी. रोज फोटो येतात म्हणून जे निर्धास्त आहेत त्यांनी हे वाचावं.

आम्ही प्रभादेवीला राहतो, सोळाव्या मजल्यावर. मी फोर्टला बँकेत आहे, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. पेढा आमचा चार वर्षांचा लॅब्रडोर. आधी सकाळी सासूबाई त्याला खाली न्यायच्या. जुलै 2024मध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बत्तीस किलोचा कुत्रा ओढणं त्यांना शक्य राहिलं नाही. दोन महिने आम्ही कसंबसं भागवलं. मग नवव्या मजल्यावरच्या एकांनी या माणसाचं नाव सुचवलं. त्यांचा छोटा शिह त्झू तो कंपाउंडमध्ये फिरवत असे.

पहिले तीन दिवस तो माझ्यासोबत आला. ते तीन दिवस सांगायलाच हवेत, कारण विश्वास बसला तो तिथे. पाण्याची बाटली आणि घडीचा वाडगा तो स्वतः घेऊन आला. रस्ता तापलाय का हे बघायला हाताची मागची बाजू डांबरावर टेकवली. पेढ्याने शी केली तेव्हा मी पिशवी काढायच्या आत त्याने कागदाने उचलली होती. गल्लीतले भटके कुत्रे भुंकायला लागल्यावर पेढ्याला स्वतःच्या मागे घेतलं आणि शांतपणे रस्ता ओलांडला. यापेक्षा चांगला माणूस मिळणार नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला काम येत होतं यात शंका नाही. तीन महिन्यांनंतर मला तेच जास्त लागलं.

दर ठरला महिन्याला साडेसात हजार, दोन वेळचे. तीन महिन्यांचे एकदम दिले तर वीस हजार. ऑक्टोबर ते डिसेंबरचे वीस दिले, अर्धे ऑनलाइन, अर्धे रोख. पावती मागितली नाही. घराची एक किल्लीही दिली, कारण संध्याकाळी पाचला सासूबाई फिजिओथेरपीला जायच्या.

त्यानंतर रोज सकाळी आठच्या सुमाराला माझ्या फोनवर दोन गोष्टी यायच्या. एक फोटो, आणि चाललेल्या रस्त्याचा नकाशा, किती अंतर झालं त्या आकड्यासह. आमच्या इमारतीपासून शिवाजी पार्कचा कट्टा, कट्ट्याला एक फेरी, परत. तीन किलोमीटरच्या आसपास. मी लोकलमध्ये उभी राहून तो नकाशा बघायचे आणि दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं आणि आम्ही प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण शोधत होतो. फिरून आल्याआल्या पेढा बाल्कनीत जाऊन शी करायचा. त्याने तर आयुष्यात घरात केली नव्हती. "बाहेर लाजतो हल्ली," तो माणूस म्हणाला. आल्यावर वाडगाभर पाणी एका दमात प्यायचा. वजन बत्तीसचं पस्तीस झालं. आणि नोव्हेंबरपासून सातची बेल वाजली की पेढा पलंगाखाली जाऊन बसायचा. पट्टा दिसला की दारापर्यंत उड्या मारत जाणारा हा कुत्रा! सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला काहीतरी होतंय." मी म्हटलं, "आई, थंडी पडलीय." मुंबईतली थंडी ती केवढी. पण मला कामावर जायचं होतं.

1 जानेवारीला मी पुढच्या तीन महिन्यांचे वीस हजार दिले.

दहा-बारा दिवसांत पेढ्याने खाणं सोडलं. ताप चढला, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि एका रात्री नाकातून रक्त आलं. रक्ताचा रिपोर्ट आला, प्लेटलेट्स 46 हजार. कुत्र्यात त्या दोन लाखांच्या वर असायला हव्यात. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, वर सलाईन, दर चार दिवसांनी रक्त तपासणी. आम्ही दर महिन्याला त्याच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकत होतो. तरी पायाच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत डॉक्टरांना गोचीड सापडले. ते म्हणाले, ही तपकिरी गोचीड नुसती गवतात नसते, भिंतींच्या भेगांत राहते, मादी तिथेच हजारांनी अंडी घालते. एकाच जुन्या जागी कुत्रे रोज बसत असतील तर ती जागाच गोचिडांचं घर होते, मग एका औषधाने भागत नाही. "हा रोज कुठे बसतो ते शोधा," ते म्हणाले. नखांचं बोलणं झालं ते याच भेटीत.

शोध लावला तो सासूबाईंनी. दुपारी पेढ्याला मांडीशी घेऊन त्या माझ्या जुन्या टॅबवर त्याचे फोटो बघत बसल्या होत्या. मी घरी आल्यावर त्यांनी एक फोटो पुढे केला. "हा कधीचा आलाय?" मी तारीख बघितली, 8 जानेवारी. "मग मागे झाडाला कंदील कसे?"

मी फोटो मोठा केला. पेढा कट्ट्याजवळ उभा, जीभ बाहेर, आणि त्याच्या मागे झाडाच्या फांदीला दोन आकाशकंदील. दिवाळी झाली नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मग मी ऑक्टोबरपासूनचे सगळे फोटो ओळीने बघितले. त्याच त्या चार-पाच जागा. पेढ्याच्या पट्ट्याचं एक बक्कल आम्ही डिसेंबरमध्ये बदललं होतं, रुपेरीच्या जागी काळं. जानेवारीतल्या एकाही फोटोत काळं बक्कल नव्हतं. त्याने एखाद-दोन दिवसांत पन्नास-साठ फोटो काढून ठेवले असणार आणि रोज एक पाठवत असणार.

पण नकाशा? तो तर रोजचा, ताज्या वेळेचा होता. ते कोडं दुसऱ्या दिवशी सुटलं.

पेढा आजारी असल्यामुळे त्याला येऊ नको असं सांगितलेलंच होतं. मी रजा टाकली आणि पावणेसातला गोखले रोडच्या कोपऱ्यावर उभी राहिले. तो आला. वीस मिनिटांत त्याने तीन इमारतींमधून पाच कुत्रे घेतले. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पग, पांढरा स्पिट्झ आणि एक बीगल. पाचही पट्टे एका मुठीत धरून तो आतल्या गल्लीत वळला. तिथे पुनर्विकासासाठी रिकामी केलेली एक चाळ आहे, दारं-खिडक्या काढून नेलेली. पाच मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर फक्त जर्मन शेफर्ड होता. ते दोघं कट्ट्याच्या दिशेने निघून गेले.

मी आत गेले. जिन्याखाली अंधार, उग्र वास. पाण्याच्या जुन्या पाइपाला चार कुत्रे हातभर दोरीने बांधलेले. एवढी आखूड की बसता येत होतं, पण धड आडवं होता येत नव्हतं. पाणी नव्हतं. बीगल इतका भुंकलेला होता की त्याच्या तोंडून आवाज येत नव्हता, नुसता जबडा उघडमीट होत होता. पाइपाच्या टोकाला पाचवी दोरी रिकामी लोंबत होती. मी ती हातात घेतली. तिचं टोक चावून चावून पिंजलं होतं.

राखणदार बाहेर आला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "ताई, तुम्ही पण कुत्रेवाल्या का? तो पिवळा लॅब आला नाही चार-पाच दिवस. बरा आहे ना?"

ती दोरी पेढ्याची होती. किती दिवसांपासून, असं विचारलं तर तो म्हणाला, "दिवाळीच्या आधीपासून." त्याला रोजचे पन्नास मिळत होते. त्याने काही लपवलं नाही, मी त्याच्यावर चिडलेही नाही. तो मधूनमधून त्यांना डब्यातून पाणी ठेवायचा म्हणाला.

जर्मन शेफर्डचे मालक रोज सकाळी कट्ट्यावर मित्रांबरोबर बसतात, हे मला नंतर कळलं. म्हणजे तो एक कुत्रा त्यांना चालताना दिसावा लागायचा. नकाशावरचे ते तीन किलोमीटर खरेच होते, शेफर्डचे. तोच नकाशा रोज पाच-सहा घरी जात होता.

पावणेआठला तो परत आला, मला बघून थबकला. मी फोटो काढले होते, तो ते हिसकावायला आला नाही, ओरडलाही नाही. म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना सातचाच टायमिंग पाहिजे. कसं जमवायचं?" मी त्यावर खूप विचार केलाय. त्याचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. आमच्या भागात प्रत्येकाला साडेआठच्या आत घर सोडायचं असतं. सहा कुत्रे, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे चार तास. आमच्या फुटपाथवर फेरीवाले, लावलेल्या बाइक, कोपऱ्याकोपऱ्यावर आपली हद्द राखणारे भटके कुत्रे. सहा कुत्रे एकदम घेऊन कुणी चालू शकत नाही. हे त्याला पैसे घेताना माहीत होतं. त्याने एकालाही नाही म्हटलं नाही.

त्या दिवशी दुपारी त्याने माझा नंबर ब्लॉक केला. किल्ली परत आली नाही, मी संध्याकाळपर्यंत कुलूप बदललं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. त्याने दिलेल्या आधारच्या फोटोवरचा पत्ता त्याने कधीच सोडलेला होता, पण नंबरवरून त्याला बोलावलं गेलं आणि आठ हजार परत मिळाले. रोख दिलेल्यांचा पुरावाच नव्हता. कुत्र्याला आखूड दोरीने तासन्‌तास बांधून ठेवणं 1960च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पेढ्याच्या एका रक्त तपासणीला त्याच्या कितीतरी पट गेले.

आता एक कॉलेजचा मुलगा येतो, सहा वाजता, फक्त पेढ्यासाठी. पैसे आठवडा संपल्यावर, ऑनलाइनच. ट्रॅकर पेढ्याच्या पट्ट्याला आहे, मुलाच्या फोनला नाही. कुणाला ठेवणार असाल तर दराच्या आधी हे विचारा: सात वाजता तुझ्याकडे किती कुत्रे असतात आणि कुठल्या इमारतींतले? त्या घरांशी स्वतः बोला. आणि महिन्यातून एकदा, न सांगता, खाली उतरून मागे जा. फोटो मागायचाच असेल तर त्या दिवशीच सांगा, आज पेपरवाल्याच्या टपरीसमोर काढ. घरी आल्यावर पंजे हातात घ्या. पावसात चालून आलेल्याचे पंजे ओले असतात, उन्हाळ्यात धुळीने माखलेले. पेढ्याचे तीन महिने कोरडे आणि स्वच्छ होते, आणि मी त्याचंही कौतुक केलं होतं, पुसून आणतो म्हणून.

पेढ्याच्या प्लेटलेट्स मार्चमध्ये पूर्ववत झाल्या. बेल वाजली की अजून पलंगाखाली जातो, मग मुलाचा आवाज ओळखून बाहेर येतो.

त्या पाच कुत्र्यांपैकी शेफर्ड, गोल्डन, पग आणि स्पिट्झच्या घरी मी स्वतः जाऊन फोटो दाखवले. बीगलचं घर मला सापडलं नाही. त्या सकाळी तो माणूस बीगलला स्कूटरवर पायाशी घेऊन सेंच्युरी बाजाराच्या दिशेने निघून गेला. हिरवा पट्टा, डाव्या कानावर पांढरा ठिपका, साधारण दोन वर्षांचा असेल. प्रभादेवी, वरळी, दादर, या भागात कुठेतरी त्याचं घर आहे, आणि त्या घरात रोज आठ वाजता फोटो येत असणार. तो तुमचा असेल, किंवा शेजारच्यांचा, तर आज रात्री त्याची नखं बघा.