६१ पट्ट्यांचा की-बोर्ड, अकरा महिने आणि एक वायर

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीतल्या देवळात भजन ऐन रंगात आलेलं आणि माझा की-बोर्ड बसला. म्हणजे रिदम चालू होता, मी जरा आवाज वाढवलो, स्क्रीन मिचमिचली, गेली, परत आली, आणि गडी पहिल्या पियानोच्या आवाजावर येऊन गप्प. सेट केलेली हार्मोनियम गायब, रिदम गायब. बुवा माझ्याकडं बघत तसेच गात राहिले आणि कोपऱ्यातनं पेटीवाले काका म्हणाले, "बघ रे, भात्याला लाईट लागत नाही." पेटीवादक रामभाऊ विजापुरे मास्तरांचं गाव हे, आमचं बेळगाव, हितं पेटीपुढं की-बोर्ड म्हणजे आधीच खेळणं, त्यात हे.

(हो, आम्ही बेळगाववाले 'मी घेतलो, मी केलो' म्हणतो. पुढंपण तसंच येणार, हसायचं ते आत्ताच हसून घ्या.)

गेल्या गणपतीच्या आधी कोल्हापुरातनं घेतलो. टच रिस्पॉन्स आहे (पट्टी जोरात दाबली की जोरात वाजते), यूएसबी आहे, शेकडो आवाज आहेत त्यातले मी चार वापरतो. कंपनीचं नाव लिहिणार नाही, तो वाद नको. पहिले सात-आठ महिने एक तक्रार नव्हती, तेव्हा विचारला असता तर रिव्ह्यूत पाचात पाच तारे दिलो असतो.

आता कस्टमर केअरची गंमत ऐका. बिल महाराष्ट्राचं, पिनकोड कर्नाटकाचा. फोनवरचा म्हणतो तुमचा एरिया हुबळीखाली येतो, हुबळीवाला म्हणतो बिल जिथलं तिथं दाखवा, कोल्हापूरवाला म्हणतो कर्नाटकाची कंप्लेंट आमच्या सिस्टीमला उघडत नाही. सीमाप्रश्न आमच्या घरात जन्मल्यापासून आहे पण तो की-बोर्डच्या वॉरंटीतपण निघेल असं वाटलं नव्हतं. शेवटी हितल्याच एका रिपेरीवाल्याकडं नेलो, त्यानं चालू करून बघितलं, खाली पालथा घातला आणि उघडायच्या आधीच निकाल दिला, "बोर्ड होग्याद री," म्हणजे कानडीत, बोर्ड गेलाय. नवीन बोर्डाचा जो आकडा सांगितला त्यात थोडे घातले तर नवीन की-बोर्ड येतो. उचललो आणि घरी आलो.

वरचं सगळं रविवारी चिडून लिहिलो होतो आणि दोन तारे देऊन टाकणार होतो. आज बुधवार. एक गोष्ट मी लपवलो होतो ती सांगतो.

कंपनीचा अडॅप्टर आठव्या महिन्यातच गेलेला. म्हणजे अडॅप्टर चांगला, पिनेजवळ वायर आतनं तुटलेली. कारण या की-बोर्डाची पॉवरची सॉकेट सरळ मागं तोंड करून आहे! भिंतीला लावून ठेवला की पिन भिंतीला टेकते आणि वायर तिथंच काटकोनात मोडते. कुणा शहाण्यानं हे डिझाईन केलं? वाकडी एल आकाराची पिन दिली असती तर काय खर्च आला असता, दहा रुपये? वायर अडकवायला मागं साधा हूकपण नाही. एवढे शेकडो आवाज देता, त्यात कुत्रा भुंकल्याचापण आहे, आणि एक हूक देता येत नाही. असो. तर कंपनीचा नवीन अडॅप्टर महाग म्हणून मी खडेबाजारातनं दीडशेचा आणलो. वर १२ व्होल्ट, २ अँपिअर छापलेलं, पिन बसली, दिवा लागला, मी खूश.

सोमवारी उद्यमबागला आमच्या फाउंड्रीतल्या इलेक्ट्रिशियनला सांगितलो तर तो मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी घरीच आला. काही न जोडता अडॅप्टर १२.३ व्होल्ट दाखवत होता. मग त्यानं की-बोर्ड जोडून रिदम लावायला सांगितलं, आवाज हळूहळू वाढवायला लावलं, आणि आकडा ११, १०, ९ असा घसरत गेला आणि ९ च्या खाली गेल्यावर स्क्रीन मिचमिचली. झालं. लोड आल्यावर करंट देता येईना म्हणून व्होल्टेज पडायचं आणि की-बोर्ड रिस्टार्ट व्हायचा. मग सहा पेन्सिल सेल घालून तेच गाणं फुल आवाजात वाजवलो, तासभर काही झालं नाही. म्हणजे 'बोर्ड होग्याद' नव्हे, अडॅप्टर होग्याद. ही सेलची टेस्ट कुणालाही जमते, रिपेरीला नेण्याआधी तेवढी करा. आणि दुसरा अडॅप्टर घेताना व्होल्टच्या जोडीला पिनेचं प्लस आत आहे का बाहेर हे लेबलवरच्या चित्रात बघून घ्या, उलटा लागला तर मग खरंच बोर्ड जाईल.

आता दुसरं दुखणं, ते मात्र अडॅप्टरचं नाही. जुलैच्या पावसात मधल्या सप्तकातली पांढरी तीन, म्हणजे तिसरी पांढरी पट्टी, बिघडली. कधी वाजायचीच नाही, कधी हळू दाबली तरी बंदुकीसारखी. आमचे बुवा काळी एकला गातात, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरून, तिथं पांढरी तीन म्हणजे कोमल ग, आणि शेवटच्या भैरवीत कोमल ग दगा द्यायला लागला तर माणसानं करायचं काय? थोडे दिवस जुगाड केलो, ट्रान्सपोज (सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय) एकनं वर करून पांढरी एकचा सा धरून वाजवलो, मग कोमल ग काळी दोनवर येतो आणि खराब पट्टी शुद्ध गला जाते, भैरवीत तिच्यावाचून भागतं. पण त्यातपण एक दिवस फजिती झाली. कीर्तनात बुवांचं निरूपण लांबलं, अर्धा तास हात लागला नाही म्हणून की-बोर्ड आपोआप बंद झाला, मी गडबडीत चालू केलो, ट्रान्सपोज शून्यावर आलेलं, आणि अभंग उचलला तर मी अर्धा स्वर खाली! हे बंद पडणं बिघाड नव्हे, ऑटो पॉवर ऑफ असतं. माझ्या मॉडेलला सगळ्यात खालची पट्टी दाबून धरून चालू केलं की ते निघतं.

तर बिल, वॉरंटी काहीच कुणी मानत नाही म्हटल्यावर मी स्वतःच उघडलो. खालचे स्क्रू लहानमोठे असतात, इडलीच्या साच्यात एकेका खणात ठेवलो म्हणून वाचलो. प्रत्येक पट्टीखाली रबरात दोन काळे ठिपके असतात, एक आधी टेकतो, एक नंतर, त्या दोघांमधल्या वेळेवरनं जोर कळतो. एकावर धूळ किंवा ओल बसली की पट्टी मुकी होते नाहीतर एकदम ओरडते. मोबाईल रिपेरीवाल्याकडनं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलो, कापसाच्या काडीनं रबर आणि खालचा बोर्ड हलक्या हातानं पुसलो, नीट वाळू दिलो, आणि कोमल ग आला परत. स्क्रू सैल करायचा स्प्रे तिथं मारू नका. आणि एकच पट्टी नव्हे, ठराविक अंतरावरच्या बऱ्याच पट्ट्या एकदम मेल्या असतील तर धूळ नव्हे, आतली रिबन केबल सुटलेली असायची शक्यता जास्त.

चूक माझीपण होती, ओला झालेला की-बोर्ड रेक्झिनच्या कव्हरात तसाच कोंबून ठेवत होतो. बेळगावचा पाऊस, आत वाफ धरते.

देवळातल्या साउंडच्या मिक्सरला जोडल्यावर घूं असा आवाज येतो तो अजून आहे, सेलवर चालवलो की जातो, म्हणून देवळात सेलच. सस्टेन पेडल (स्वर लांबवायचं पायाचं पेडल) उलटं चालत असेल तर त्याच्यावरनं पाय काढून की-बोर्ड परत चालू करा, चालू होताना पेडल दाबलेलं असलं की तो उलटं समजतो.

आता साडेतीन तारे. अर्धा तारा त्या सॉकेटसाठी कापलो आणि एक वॉरंटीच्या त्या फेऱ्यांसाठी. कंपनीचा अडॅप्टर शेवटी मागवलो, कोल्हापूरची आत्या पुढच्या आठवड्यात घेऊन येणार आहे. तोवर की-बोर्ड भिंतीपासनं वीतभर पुढं ओढून ठेवलोय, आणि बायको येता-जाता त्याला ठेचकाळते.