बोरिंगचं पाणी आणि नव्या घराची फिटिंग्ज, टाइल्स, किचन : दीड वर्ष वापरल्यावरचा अनुभव (इंदूर)

राजेंद्रनगरला घर बांधून राहायला आलो त्याला दीड वर्ष होत आलं. बांधकाम चालू असताना मी वापरलेल्या लोकांचा अनुभव शोध शोध शोधत होते, शोरूममधे तो मिळत नाही, तिथे सगळं नवं, कोरडं आणि लाइटखाली असतं. म्हणून जे जे आठवतंय ते सगळं लिहितेय, जरा लांबेल.

सगळ्यात आधी पाणी. नर्मदेचं पाणी जलूदहून इंदूरला येतं पण आमच्याकडे एक दिवसाआड, ते पिण्या-स्वैपाकालाच पुरतं, बाकी आंघोळ, धुणं, फरशी सगळं बोरिंगवर. आणि बोरिंगचं पाणी जड. टेस्ट करून घेतलं तर हार्डनेस लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास निघाला, पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात २०० पर्यंत ठीक आणि दुसरी सोय नसेल तरच ६०० पर्यंत चालेल असं आहे, म्हणजे आम्ही अगदी काठावर. नळ, टाइल, ओटा, काचा, सगळं रोज याच पाण्याने भिजणार ना? मग रंग आणि डिझाइन नंतर, आधी पाण्याचा रिपोर्ट काढा आणि तो घेऊन दुकानात जा, हे मी घर बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

नळ : खालच्या बाथरूममधे मॅट ब्लॅक घेतले, वरच्या दोन्हीत साधे क्रोम, त्यामुळे तुलना घरातच झाली. ब्लॅक दिसतो देखणा, पाहुणे हमखास विचारतात कुठून घेतला, पण थेंब वाळला की पांढरा ठिपका, आणि रोज पुसलं नाही तर आठवड्यात नळाच्या बुडाशी पांढरी कड धरते. क्रोमवरही क्षार बसतो पण नजरेत भरत नाही, आणि लिंबूसत्व पाण्यात विरघळवून फडक्याने पुसलं की निघतो. कामवाल्या ताईंना एकच बजावून ठेवलंय, टॉयलेटचं अ‍ॅसिड नळाला लागू द्यायचं नाही, प्लेटिंग खराब होतं. नर्मदेचं पाणी चोवीस तास असेल तर खुशाल ब्लॅक घ्या, बोरिंग असेल तर क्रोमच.

शॉवरचं नीट ऐका. टाकीपासून पाणी दहा मीटर खाली आलं तेव्हा कुठे साधारण एक बार प्रेशर मिळतं, आणि वरच्या मजल्याच्या शॉवरला टाकी जेमतेम आठ-नऊ फूट वर असते, म्हणजे पाव बार. एवढ्यावर मोठा रेन शॉवर चालत नाही, पाणी नुसतं ठिबकतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. आम्ही वर छोटा शॉवर घेतला आणि प्रेशर पंपाचा पॉइंट काढून ठेवला, पंप अजून लावलेला नाही, गरज वाटली नाही. शॉवरची भोकं मऊ सिलिकॉनची आहेत का ते बघून घ्या. आमच्या शॉवरचं एखादं भोक तिरकं उडायला लागलं की अंगठ्याने चोळायचं, आतून पांढरी कणी निघून हातावर येते आणि धार लगेच सरळ होते. कडक प्लॅस्टिकच्या भोकांना सुई घेऊन बसावं लागतं.

कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत बसवलेला, पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) एक गळायला लागला. कंपनीच्या सर्व्हिसने नुसत्या तारखा दिल्या, फार मनस्ताप झाला, शेवटी आमच्या प्लंबरने सियागंजच्या बाजारातून कार्ट्रिज (आतला बदलता येणारा भाग) आणून बदललं. पुढची प्लेट काढून कार्ट्रिज बाहेर येतं म्हणून टाइल फोडावी लागली नाही. भिंतीत जाणारी वस्तू घेताना स्पेअर लोकल मिळतो का एवढं विचाराच, दिसायला कशी आहे ते मागाहून.

टाइल्स : सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बाथरूमच्या टाइलमधे तडजोड नव्हतीच. दुकानात पाणी मागून टाइलवर ओतलं आणि त्यांनी स्वतः अनवाणी उभं राहून बघितलं, दुकानदार बघतच राहिला. आर ११ ग्रेडची (हा न घसरण्याचा ग्रेड, आकडा मोठा तेवढी पकड जास्त) मॅट घेतली, एक बाय एक फुटाची, कारण मोठ्या टाइलला जाळीकडे उतार नीट देता येत नाही आणि पाणी साचतं. पायाला थोडी खरखरीत आहे, ब्रश लागतो, पण आजतागायत कोणी घसरलं नाही, मला तेवढं पुरे. सांध्यात इपॉक्सी ग्राउट (सांधे बुजवायचा रेझिनचा लेप) भरलं, महाग पडलं पण अजून पांढरं आहे. वॉश एरियात सिमेंटचं ग्राउट आहे ते पिवळं पडलं.

हॉलमधे दोन बाय चार फुटी ग्लॉसी. मिस्त्री म्हणत होते ताई बिना सांध्याची लावतो, एकदम काचेसारखी दिसेल. नवरा अडून बसला की दोन एमएमचा स्पेसर (दोन टाइल्समधे फट राखणारा तुकडा) हवाच. बरं झालं, मे महिन्यात शेजारच्यांच्या हॉलमधल्या चिकटून लावलेल्या टाइल्स तंबूसारख्या उचलल्या गेल्या, आमची एकही हलली नाही.

पार्किंगला आणि मागच्या धुण्याच्या जागेत कोटा फरशी, स्वस्त आणि दणकट. फक्त तो चुनखडीचा दगड आहे, अ‍ॅसिडने पॉलिश जातं.

किचनच्या ओट्याला क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेला दगड) बघितला होता, हळदीच्या डागाला चांगला, पण त्यात रेझिन असतं, ते फार तापलं की खराब होतं, आणि आमच्याकडे गॅसवरून उतरवलेली कढई थेट ओट्यावर येते, म्हणून काळा ग्रॅनाइट. त्याला काही होत नाही, फक्त सिंकच्या कडेला क्षाराची रेघ येते, रात्री कोरडं पुसून ठेवलं तर येत नाही. सिंकखालच्या कपाटाला तेवढं आयएस ७१० चं (मरीन, पाण्यात टिकणारं) प्लाय लावलं, बाकीला साधं बीडब्ल्यूआर (ओल सोसणारं). एकदा पाइप निसटून रात्रभर पाणी होतं, प्लाय फुगलं नाही.

आणि टाइलचे एक-दोन बॉक्स जास्तीचे घेऊन बॉक्सवरच्या बॅच आणि शेड नंबरचा फोटो काढून ठेवा, नंतर त्याच नावाची टाइल मिळते पण रंग जुळत नाही, गीझरवाल्याने ड्रिल करताना आमची एक फोडली तेव्हा माळ्यावरच्या बॉक्समधलीच कामाला आली.