जुन्या एसयूव्हीचा पुढचा बंपर लाइनमध्ये आणला: काही महिन्यांनंतर काय टिकलं, काय सुटलं

जुन्या एसयूव्हीचा पुढचा बंपर वाकडा दिसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा बंपरचा नसतो. आजचा बंपर म्हणजे चार-सहा किलोचं लवचीक प्लास्टिकचं कव्हर, एक प्रकारे उशीचा अभ्रा. आतली उशीच वाकडी असेल तर अभ्रा कितीही ताणला तरी सरळ दिसणार नाही. म्हणूनच ओढूनताणून, फेंडरमध्ये (पुढच्या चाकावरचा पत्रा) स्क्रू ठोकून बसवलेला बंपर पहिल्या दिवशी झकास दिसतो आणि पुढच्या ऋतूत पुन्हा तोंड वाकडं करतो.

आमची गाडी दहा वर्षांहून जुनी. डावीकडे फेंडर आणि बंपरमध्ये वरच्या कोपऱ्यात ६ मिमी फट होती, उजवीकडे दोन्ही एकमेकांना घासत होते आणि डाव्या हेडलाइटखाली झोळ पडला होता. दोन्ही साइड ब्रॅकेट नवे, क्लिपचा पूर्ण संच नवा, बंपरचे वरचे तुटलेले दोन कान (स्क्रू-क्लिपसाठी पुढे आलेले तुकडे) प्लास्टिक स्टेपलरने, म्हणजे गरम तार रुतवून, जोडलेले आणि डावा हेडलाइट खाली वॉशर घालून उचललेला, इतकं मुख्य काम झालं. आता कडक थंडी, ऊन, पाऊस आणि बराच खराब रस्ता या गाडीने पाहिला आहे, त्यामुळे कशात दम होता ते सांगता येईल.

आधी मोजमाप, कारण नजर फसवते. गाडी सपाट जमिनीवर, चारही टायरमध्ये ठरलेली हवा, बॉनेट बंद. फट मोजायला फीलर गेज नसेल तर बँकेचं जुनं कार्ड चालतं. त्याची जाडी ०.७६ मिमी असते, म्हणजे चार कार्डं मिळून साधारण ३ मिमी. उठावदार अक्षरांचं कार्ड मात्र घेऊ नका. प्रत्येक बाजूला फेंडरचा वरचा कोपरा, मधला भाग आणि चाकाच्या कमानीजवळचं टोक, शिवाय हेडलाइटखाली आतलं आणि बाहेरचं टोक, एवढ्या जागी मोजून आकडे मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. काम करताना कागद नेमका गाडीखाली जातो.

या आकड्यांतूनच निदान होतं. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी असेल आणि फक्त बंपर चुकत असेल, तर दोष ब्रॅकेट, क्लिप किंवा कानांचा. बॉनेटची फटही एकीकडे जास्त असेल तर फेंडर किंवा रेडिएटरचा सपोर्ट मागे ढकलला गेलेला आहे, आणि बंपरवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. हेडलाइट आणि बॉनेटमधली फट बिघडली असेल तर आधी हेडलाइट. कामाचा क्रम मागून पुढेच जातो: बॉनेट, फेंडर, हेडलाइट, ग्रिल आणि सगळ्यात शेवटी बंपर. उलट्या बाजूने सुरुवात केली की प्रत्येक पायरीवर आधीचं काम मोडावं लागतं.

शिडीच्या चॅसीवर बॉडी ठेवलेल्या जुन्या एसयूव्हीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथे फेंडर बॉडीवर असतात, पण बंपरचा लोखंडी पाइप किंवा त्याचे ब्रॅकेट कित्येक गाड्यांत थेट चॅसीला बोल्ट केलेले असतात. बॉडी आणि चॅसीच्या मधले बॉडी बुश म्हणजे रबराचे ठोकळे. वर्षानुवर्षांत ते दबतात, बॉडी काही मिलिमीटर खाली बसते आणि बंपर होता तिथेच राहतो. मग वरची फट बंद आणि खालची उघडी, तीही दोन्ही बाजूंना. अशा गाडीत बंपरचे बोल्ट खालीवर करून फट जुळवता येते, पण पुढचे बुश भेगाळलेले असतील तर ते आधी बदला, नाहीतर खड्ड्यात बॉडी हलताना बंपरची कड फेंडरचा रंग सोलत राहील.

खोलताना होणारं नुकसान मूळ दोषापेक्षा मोठं ठरू शकतं. वर ग्रिलच्या रेषेत सहा-आठ क्लिप किंवा बोल्ट, खाली पाच-सात, आणि प्रत्येक बाजूला चाकाच्या कमानीत लायनरच्या (कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) आड लपलेला एक स्क्रू. हा शेवटचा हमखास विसरला जातो आणि मग बंपर ओढताना कोपराच फाटतो. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. गोल झालेलं डोकं काढायला ड्रिल लावण्यापेक्षा ही वाट पाहणं स्वस्त पडतं. बाजूची लॉक सोडवताना हात कमानीजवळ ठेवून बंपर बाहेरच्या दिशेने, म्हणजे गाडीपासून बाजूला ओढायचा. पुढे ओढलात की लॉकचे दात तुटतात. थंडीत प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं, अशा वेळी गाडी आधी उन्हात उभी करा किंवा कोपऱ्यावर कोमट पाणी ओता. फॉग लॅम्प आणि पार्किंग सेन्सरचे कनेक्टर सुटल्याशिवाय बंपर लांब नेऊ नका, आणि दुसरा माणूस हाताशी हवाच.

बंपर निघाला की आतला लोखंडी आडवा बार आणि त्यापुढचा फोम दिसतो. बारच्या दोन्ही टोकांपासून चॅसीवरच्या एकसारख्या छिद्रांपर्यंत तिरकस अंतर मोजा. दोन तिरक्या मापांत ३ मिमीच्या पुढे फरक असेल तर बार किंवा त्याचा पाया सरकला आहे. थोडा फरक बारच्या बोल्टखाली पातळ शिम (धातूची चकती) घालून निघतो. बार वाकला असेल तर बदलायचा. तो तापवून सरळ करायचा नाही, कारण असे बार बऱ्याचदा जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात आणि तापवल्यावर ती ताकद जाते. धडकेच्या वेळी हाच भाग कामाला येतो. पुढचे एअरबॅग सेन्सरही याच परिसरात असतात, तेव्हा इग्निशन चालू ठेवून हातोडीची ठोकाठोक नको. फोम तुटून चुरा झाला असेल तर बंपर मधे आत दबतो. त्या जागी गादीचा स्पंज कोंबू नका, तो पाणी धरून ठेवतो आणि बार गंजवतो.

आता साइड ब्रॅकेट. फेंडरच्या कडेखाली असलेली ही हातभर लांबीची प्लास्टिकची पट्टी बंपरची लाइन ठरवते, आणि जुन्या गाडीत पहिली हीच जाते. एखादं लॉक तुटलं की शेजारच्यावर भार येतो, मग तेही जातं, आणि स्क्रूचं छिद्र घासून लांबट होतं. आमच्या डाव्या पट्टीचे वरचे दोन दात गायब होते आणि पुढचं छिद्र ६ वरून जवळजवळ ९ मिमी झालं होतं. ६ मिमीची ती फट बहुतांशी इथलीच. एकच बाजू तुटली असली तरी दोन्ही पट्ट्या एकत्र बदला. जुनी पट्टी वर्षांनुवर्षं उष्णतेने चपटी झालेली असते आणि नव्या-जुन्यात कोपऱ्याची उंची जुळत नाही.

ब्रॅकेटच्या बाबतीत मत स्पष्ट आहे: कंपनीचाच घ्या. स्वस्तातल्या ब्रॅकेटचे दात पातळ असतात आणि छिद्र एखाद-दोन मिलिमीटर सरकलेलं असतं, म्हणजे ज्या दोषासाठी खर्च करतोय तोच पुन्हा विकत घेणं. क्लिपला हा नियम लागू नाही. साध्या नायलॉनच्या क्लिपने उत्तम काम होतं, फक्त माप बरोबर हवं. आधी छिद्र मोजा. ७, ८ आणि १० मिमी ही नेहमीची मापं. १० च्या छिद्रात ८ ची क्लिप खुळखुळते, आणि ८ मध्ये १० ची ठोकली की छिद्राच्या कडेला केसासारखी चीर पडते, जी पुढे वाढत जाते. संचातल्या चकचकीत, वाकवल्यावर पांढऱ्या पडणाऱ्या क्लिप बाजूलाच ठेवा.

कान जोडताना आधी बंपरच्या आतल्या बाजूचा शिक्का वाचा. ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) किंवा ‘पीपी प्लस ईपीडीएम’ (त्यात रबर मिसळलेलं) असेल (बहुधा तेच असतं) तर साधा इपॉक्सी किंवा झटपट गोंद त्यावर धरत नाही, थोड्या दिवसांत पापुद्र्यासारखा निघतो. गरम स्टेपलरच्या स्टेनलेस तारा आणि वरून त्याच प्लास्टिकचा रॉड वितळवून दिलेला थर, हे मिळून टिकतं. तार चिरेला आडवी बसवा, जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंत उतरवा आणि सगळं काम आतल्या बाजूनेच करा. जास्त दाबली तर रंगाच्या बाजूला फुगवटा उमटतो. आम्ही जोडलेल्या दोन कानांपैकी एक अजून जसाच्या तसा आहे. ग्रिलशेजारच्या दुसऱ्याला पुन्हा बारीक चीर आली, कारण बॉनेट आपटून बंद होताना तिथेच हादरा बसतो. तिथे मागून पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी देणं आधीच योग्य ठरलं असतं.

बसवताना सगळे स्क्रू आधी फक्त दोन-तीन आटे पकडवायचे, घट्ट एकही नाही. बंपर मधे टेकवा, मग दोन्ही कोपरे एकाच वेळी साइड ब्रॅकेटमध्ये दाबा. दातांचा टक-टक आवाज पुढून मागे क्रमाने यायला हवा. मधला एखादा आला नाही तर ती जागा सोडून पुढे जाऊ नका, लाइन तिथेच बिघडते. घट्ट करण्याचा क्रम: आधी फेंडरचे दोन वरचे कोपरे, मग ग्रिलची रेषा मधून बाहेर, मग कमानीतले स्क्रू, आणि सगळ्यात शेवटी खालची बाजू. प्लास्टिकमधल्या ६ मिमीच्या बोल्टला ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर. छिद्र थोडं मोठं झालं असेल तर १८ मिमी व्यासाचा रुंद वॉशर घाला. स्पीड नट (कडेवर चढवलेली पत्र्याची नट-क्लिप) गंजलेला असेल तर तो बदला, त्यात पत्र्याचा स्क्रू कोंबू नका.

चाकाच्या कमानीतलं लायनर शेवटी बसवतात म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्याची कड बंपरच्या ओठाच्या मागे जायला हवी. ती चुकून पुढे आली तर कोपरा ३-४ मिमी बाहेर ढकलला जातो आणि माणूस ब्रॅकेटला दोष देत बसतो. कोपरा फुगलेला दिसला तर लायनरचे दोन स्क्रू ढिले करून पाहा, कित्येकदा तेवढ्यातच आत जातो.

फट किती ठेवायची याचं उत्तर हवामानावर आहे. तापमान ३० अंशांनी वाढलं की १७०० मिमी रुंदीचा प्लास्टिक बंपर साधारण ३ ते ५ मिमी वाढतो आणि त्यामागचं लोखंड जेमतेम ०.६ मिमी. ही रुंदीतली वाढ दोन्ही कोपऱ्यांत वाटली जाते आणि कोपरे किंचित बाहेर येतात. बाजूचा भाग, पुढून कमानीपर्यंतचा अर्धा मीटर धरला तर, एक-दीड मिलिमीटर मागे सरकतो आणि फेंडरची फट तेवढी कमी होते. थंडीत सकाळी अर्धा मिमी फट ठेवून कौतुक करून घेतलेला बंपर कडक उन्हात फेंडरवर दाबतो आणि जागा न मिळाल्याने हेडलाइटखाली वर उचलला जातो. म्हणून काम थंडीत करत असाल तर दोन्ही बाजूंना २ मिमी ठेवा, आणि दोन बाजूंतला फरक १ मिमीच्या आत. ऑब्लाँग, म्हणजे मुद्दाम लांबट ठेवलेली, छिद्रं याच हालचालीसाठी दिलेली असतात, तिथे बोल्ट इतका आवळू नका की प्लास्टिक हलेचना. गाडीतला ताजा फरक पाहायचा तर दुपारी आणि पहाटे एकेकदा मोजून बघा, आकडे वेगळे येतील.

आजची स्थिती अशी. नव्या ब्रॅकेटमुळे दोन्ही बाजूंची फट २ मिमीच्या आसपास कायम आहे, आणि गाडी बऱ्याच वेळा खडीच्या रस्त्यावरून जाऊनही बदललेली नाही. हीट गनने सरळ केलेला खालचा कोपरा मात्र अर्धा परतला. बाहेरचा रंग फुगू नये म्हणून १५ सेमी अंतरावरून, हाताला सोसवणार नाही इतपतच गरम केला होता, पण प्लास्टिकला जुना आकार आठवतो. थंड होईपर्यंत आधार देऊन धरून ठेवला तर जास्त टिकतो, हात सोडून निघून जाता येत नाही. दुतर्फी टेपने चिकटवलेली खालची पट्टी पहिल्याच पावसात लोंबली. पीपीवर प्रायमरशिवाय टेप लावणं म्हणजे पैसे फेकणं. लायनरचे दोन स्क्रू ढिले झाले होते, धुण्याच्या प्रेशर पंपाचा फवारा थेट तिथे लागतो.

फेंडरच्या कडेला जिथे बंपर टेकतो तिथे पारदर्शक संरक्षक फिल्मची १० मिमी पट्टी आधी लावली होती, तिच्यामुळे घासून रंग उडाला नाही. उजवीकडे आधीच उघडा पडलेला पत्रा होता. तो साफ करून प्रायमर मारल्यानंतरच फिल्म लावली, नाहीतर गंज फिल्मखाली पसरत राहिला असता.

हेडलाइटचे बोल्ट हलवले असतील तर प्रकाशाची उंची नक्कीच बदललेली असते. खोलण्याआधी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून लो बीमच्या वरच्या कडेची रेघ टेपने आखून ठेवा. काम झाल्यावर तीच जागा, टायरमध्ये तेवढीच हवा, गाडीत तेवढंच वजन, आणि बीम त्या रेघेवर आणा. आमच्या डाव्या लाइटला २ मिमीचा वॉशर घातल्यावर रेघ बरीच वर गेली होती. समोरच्याच्या डोळ्यात जाण्यापुरती.