कडीपाटाचं सागवान, बुरशीचा आंबा, खोक्याचं पाइन : तीन गिटारी, अकरा महिने

ऑक्टोबरात तारा चढल्या तेव्हा आम्ही केलेल्या तिन्ही गिटारी छान वाजत होत्या. पण ऑक्टोबरातल्या पुण्यात कुठलीही गिटार छानच वाजते. हवा धड ओली नसते, धड कोरडी नसते. खरा हिशोब एप्रिलच्या दुपारी आणि जुलैच्या झडीत लागतो. ते दोन्ही उरकल्यावर हे लिहितोय.

आधी गिटारींची ओळख. पहिली ‘साग’. पाठ आणि बाजू पाडलेल्या वाड्याच्या तुळईच्या, खिळ्यांच्या भोकांसकट. टॉप, म्हणजे पुढची फळी, साध्या सिटका स्प्रूसचा, २.८ मि.मी. दुसरी ‘आंबा’. बुरशीने काळ्या रेषा पडलेल्या आंब्याची पाठ, टॉप सीडरचा. तिसरी ‘खोका’. टॉपच मुळी मशिनरीच्या पेटाऱ्यातल्या पाइनच्या पाच पट्ट्या जोडून केलेला, त्यात चार गाठी, पाठ फणसाची. आकार तिन्हींचा एकच, खालच्या घेराची रुंदी ३८० मि.मी., स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४५, ब्रेसिंग (आतल्या आधाराच्या पट्ट्या) एक्सच्या आकारात, नेक महोगनीचा, आत ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी सळई). तारा १२–५३, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. या तारांचा एकूण ताण सत्तर किलोंच्या वर जातो, हे पुढे लक्षात ठेवा.

सुरुवात खोक्यापासून, कारण सगळ्यात जास्त त्याच गिटारीने शिकवलं.

पेटाऱ्याचं लाकूड घेताना शिक्का बघायचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं राखलेलं असतं, त्यामुळे किडा मेलेला असतो. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ती फळी घरात आणूच नका. वखारीत ‘देवदार’ म्हणून जे पुढे करतात तेही पुष्कळदा हे खोक्याचं पाइनच असतं, तेव्हा नावावर जाऊ नका, फळीचं टोक बघा. टोकाला वर्षवलयं उभी दिसली तर टॉपला चालेल. आडवी, चंद्रकोरीसारखी दिसली तर ती फळी हवेनुसार जवळपास दुपटीने हलणार.

आमच्या पाच पट्ट्यांपैकी तीन आडव्या वलयांच्या निघाल्या. हिशोब सोपा आहे. घरातली हवा ४० टक्के आर्द्रतेवरून ७५ टक्क्यांवर गेली की लाकडातला ओलावा साधारण ८ वरून १४ टक्क्यांवर जातो. उभ्या वलयांचा स्प्रूस मोकळा सोडला तर ३८० मि.मी. रुंदीत तीन-साडेतीन मि.मी. फुगेल, आडव्या वलयांचं पाइन पाचच्या वर. गिटारीत ते कडांनी जखडलेलं असल्याने बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून पोट वर काढतं आणि ब्रिजला, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीला, घेऊन वर येतं. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या पडद्यावर) जाड ईच्या तारेची उंची ऑक्टोबरात तिन्हींची २.४ मि.मी. होती. जुलैत सागाची २.८ झाली, खोक्याची ३.४. एप्रिलमध्ये साग २.१ वर होती, खोका १.९ वर आणि वाजवताना खालच्या फ्रेटांवर तारा खरखरत होत्या.

आता गाठी. चारपैकी तीन जिवंत गाठी होत्या, म्हणजे फांदी जिवंत असताना खोडाने सामावून घेतलेल्या. त्यांना काहीही झालं नाही. चौथी मेलेली, भोवती सालीचं काळं कडं असलेली, खालच्या घेरात ब्रिजपासून चार बोटं दूर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळी ए वाजवली की बारीक घरघर यायला लागली. सगळ्यांचा संशय आधी फ्रेटवर, मग ट्रस रॉडवर, मग ब्रिज पिनांवर. शेवटी गाठीवर अंगठा दाबला आणि घरघर बंद. उचलला की सुरू. भिंगातून बघितलं तर काळ्या कड्याला वरच्या आणि खालच्या टोकाला कागद सरकेल एवढी फट होती, डाव्या-उजव्या बाजूला मात्र काहीच नाही. कारण असं की गाठ म्हणजे फांदीचा आडवा छेद, ती आखडते ती चहूबाजूंनी. भोवतालची फळी रेषेला, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेला, आडवी आखडते, लांबीला जवळपास नाहीच. म्हणून फट रेषेच्या दिशेलाच पडते.

दुरुस्ती अशी केली. गाठीभोवती ब्रशने चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात दिले, नाहीतर पातळ सुपरग्लू पाइनमध्ये झिरपून कायमचा डाग पडतो. फटीत पाइनचा बारीक भुसा दाबला, वर सुपरग्लूचे दोन थेंब. आतून दीड मि.मी. जाडीचं, १२ बाय २० चं स्प्रूसचं ठिगळ, त्याची रेषा टॉपच्या रेषेला आडवी. घरघर गेली ती अजून परतलेली नाही. गाठीची फट कोरड्या दिवसांतच भरायची, कारण तेव्हा ती पूर्ण उघडलेली असते. टॉपला सरळ भेग गेली असेल तर मात्र बरोबर उलट करायचं. आधी गिटार आठवडाभर ओलसर हवेत ठेवून भेग मिटू द्यायची, मग चिकटवायची, मग ठिगळ. भेगेत भुसा भरला तर पावसाळ्यात तो भुसाच पाचरीसारखा काम करतो.

सागाची गोष्ट वेगळी. वखारीत आणि जुन्या बाजारात कडीपाटाचं सागवान दाखवताना हमखास ऐकवतात, ‘शंभर वर्षं वाळलंय, आता हलणार नाही.’ हलतं. सागवान मुळातच कमी हलणारं लाकूड आहे, त्याचा वयाशी फार संबंध नाही. उलट जाड तुळई चिरून पातळ पत्रे काढले की आतला जुना ताण सुटतो आणि पत्रा पन्हाळीसारखा वळतो. चिरलेले पत्रे ४ मि.मी. ठेवून, मध्ये पट्ट्या घालून, वर वजन देऊन महिनाभर तरी रचून ठेवावेत आणि मगच २.४ पर्यंत रंधावेत. एका गिटारीला पाठीसाठी २०० बाय ५२० चे दोन पत्रे लागतात, बाजूंसाठी १२० बाय ८२० चे दोन. खिळे टाळून एवढं काढायला तुळई दुपटीने मोठी घ्यावी लागते. चिरण्याआधी चांगलं लोहचुंबक सगळीकडून फिरवा. मोडलेल्या खिळ्याचं टोक आत असलं की करवतीचं पातं गेलंच. पातं वाचलं तरी सागवानातली वाळू रंध्याची धार खातेच, घटकेघटकेला दगडावर न्यावी लागते.

खिळ्यांची भोकं आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा निरुपद्रवी ठरली. लोखंडाने लाकूड काळं पडलेलं असतं, ते तसंच ठेवलंय, छान दिसतं. आरपार भोकात गोल डट्टी मारताना तिची रेषा पाठीच्या रेषेच्या दिशेने ठेवली, म्हणजे दोन्ही बरोबरच फुगतात आणि आखडतात. सात डट्ट्यांपैकी एकही हललेली नाही. हललं ते वेगळंच. आतला एक आडवा ब्रेस मार्चमध्ये एका टोकाला सुटला. सागवान तेलकट, चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून, अ‍ॅसिटोनने पुसून, पंधरा मिनिटांच्या आत गोंद लावून दाबायला हवं. त्या टोकाला कपडा नीट पोचला नसावा, कारण सुटलेल्या जागेवर गोंदाचा पापुद्रा काचेसारखा गुळगुळीत होता, लाकडाचा एक तंतूही त्याला चिकटलेला नव्हता.

आंब्याबद्दल लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘पावसाळ्यात बुरशी परत जागी होते का?’ नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला पंचवीस-तीस टक्क्यांच्या पुढे ओलावा लागतो. घरातलं लाकूड जुलैतही सोळा-सतराच्या आसपास राहतं. आंब्याचा खरा शत्रू भुंगा. जूनमध्ये केस उघडली तर तळाच्या मखमलीवर मैद्यासारख्या पिठाची चिमूटभर रास आणि पाठीच्या फिकट भागात टाचणीएवढी दोन भोकं. फिकट भागात स्टार्च असतो, किडा तोच खातो. तयार गिटारीवर आता भोकांत औषध सोडून वरून मेण भरण्यापलीकडे करण्यासारखं फार उरत नाही. हे काम आधीच करायचं असतं : पत्रे जाड असतानाच बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड दीडास एक या प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून त्यात बुडवायचे, मग सावलीत काही आठवडे वाळवायचे. पातळ केल्यावर भिजवले तर पापडासारखे वाकतात.

बाजू वाकवताना आंबा कंबरेला मोडतो, कारण बुरशीने मऊ झालेली जागा बाकीच्याआधी दबते. या गिटारीत बाहेरून १.२ चा आंबा, आतून १.२ चं साधं तुणीचं लाकूड, इपॉक्सीने साच्यावर चिकटवलेलं आहे. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. आणि हा भुसा नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावूनच रंधा मारा.

आवाजाचं विचाराल तर साग आणि आंबा डोळे मिटून आलटून पालटून ऐकल्या की फरक कळतो, पण तो स्प्रूस आणि सीडरचा. पाठीच्या लाकडाला त्याचं श्रेय द्यायला आम्ही तयार नाही. स्पॅनिश गिटारकार आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये कागदी लगद्याची पाठ लावून हेच दाखवलं होतं. २०१८ साली लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी टॉप सारखा आणि पाठी वेगवेगळ्या अशा सहा गिटारी ५२ वादकांना अंधारात वाजवायला दिल्या, तेव्हाही पाठीवरून फारसा फरक पडला नाही. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यात तर दोन भोपळे कधी सारखे नसतातच. खोका मात्र ओळखू येतो. आवाज लवकर उठतो, लवकर बसतो; बोटांनी वाजवायला गोड, स्ट्रमिंगला चेपल्यासारखा. टॉप ३.२ मि.मी. ठेवावा लागला, त्याची ही किंमत. टेलर गिटार्स या अमेरिकन कंपनीच्या बॉब टेलर यांनी १९९५ मध्ये भंगार पॅलेटपासून गिटार करून दाखवली ती गाजली, पण ती बघून कुठलीही फळी उचलू नका. रेषा टॉपच्या पातळीतून तिरकी बाहेर पडत असेल तर ब्रिजच्या मागे टॉप फाटतो. फळीची एक चिपटी पटाशीने फोडून बघा, चीर तिरकी गेली तर ती फळी पाठीला ठेवा.

पॉलिशबद्दल थोडक्यात. पाइनच्या गाठीतून राळ पाझरते, ती चपड्याखाली थांबली. पण जुलैत कोपर टेकतं तिथे घामाने चपडा पांढुरका पडला, तिन्हींवर.

आता रोजचं सांभाळणं. मार्च ते मे केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी, तिच्यात पिळून घेतलेला स्पंज. जून ते सप्टेंबर सिलिका जेल, गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत. खोक्याला दोन सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती हाडाची पट्टी) करून ठेवली आहेत, पावसाळ्याचं उन्हाळ्याच्या सॅडलपेक्षा दीड मि.मी. बुटकं. बारावा फ्रेट तारेच्या मधोमध येतो, म्हणून सॅडल दीडने उतरवलं की तिथे पाऊणच उतरतं. तारा बारीक, ११–५२, केल्यावर ताण कमी झाला आणि पोटही जरा बसलं. पावसाळ्याच्या सॅडलवर पेन्सिलीने ‘पा’ लिहून ठेवा. नुसती दोन पांढरी हाडं डबीत पडली की मार्चमध्ये हमखास चुकीचंच हाताला लागतं.